हौस गोंदणाची, पण सुई कुणाची?

आमच्या गावची जत्रा चैत्रात भरते. पालखी नदीवरून न्हाऊन आली, कुस्त्यांचा फड उरकला, की तिसऱ्या दिवशी पाले उठू लागतात. त्या शेवटच्या दिवशी गर्दी होते ती बांगड्यांच्या दुकानांवर, गोडीशेवेच्या गाड्यांवर आणि गोंदणाऱ्याच्या पथारीवर. दोन वर्षांपूर्वीच्या जत्रेत आमच्या आळीतली चार पोरे त्या पथारीवर ओळीने बसली. चौघेही अठरा-एकोणीस वर्षांचे. कुणी आईचे नाव गोंदवले, कुणी महादेवाचा त्रिशूळ, तर एकाने आपल्या लाडक्या बैलाचे नाव. एका नावाला शंभर रुपये, चौघांचे मिळून साडेतीनशे. पोरे खूश. आया हात धरधरून कौतुकाने पाहत होत्या.

मी तेव्हा आरोग्यसेविकेच्या नोकरीतून नुकतीच निवृत्त झाले होते. तीस वर्षे उपकेंद्रात सुया हाताळलेल्या. पण खरे सांगते, त्या संध्याकाळी मलाही काही वावगे वाटले नाही. माझ्या स्वतःच्या कपाळावर आणि हनुवटीवर आजीने हौसेने गोंदवून घेतलेले ठिपके आहेत. गोंदण म्हणजे आपल्या घरातलीच गोष्ट. त्यात भ्यायचे काय?

तीन आठवडे गेले आणि चौघांपैकी एकाला रक्तपेढीतून निरोप आला. शिवजयंतीच्या शिबिरात त्याने रक्त दिले होते. त्या रक्ताच्या तपासणीत हिपॅटायटीस बी, म्हणजे ‘ब’ प्रकारच्या काविळीचे विषाणू सापडले होते. पोरगा धडधाकट. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही, जेवणखाण व्यवस्थित. आईला काही समजेना. ती तशीच माझ्याकडे धावत आली.

मी पोराला जवळ बसवले आणि विचारले, “जत्रेत गोंदवायला तू कितवा बसला होतास?”

“दुसरा, काकू.”

“आणि दर वेळी सुई बदलली होती का?”

पोरगा विचारात पडला. मग हळूच म्हणाला, “पुसली होती की. फडक्यानं.”

माझ्या पोटात धस्स झाले. कारण त्याच्यामागून, तिसऱ्या नंबरला, त्याच सुईखाली हात धरून बसला होता तो माझा सख्खा पुतण्या.

सहा महिन्यांचा घोर

दुसऱ्याच दिवशी आम्ही चौघांनाही जिल्हा रुग्णालयात नेले. डॉक्टर चांगले होते. रागावले नाहीत. म्हणाले, “त्या दिवशीच आला असता तर बरे झाले असते. चोवीस तासांत लस टोचली तर तिचा सर्वांत चांगला उपयोग होतो. आता तीन आठवडे झालेत. तरीही लस सुरू करू, तपासण्या करू आणि वाट पाहू.”

ही वाट पाहणे म्हणजे काय असते, ते ज्या घरावर वेळ येते त्यालाच कळते. ‘ब’ काविळीचा विषाणू अंगात शिरल्यावर आजार दिसायला दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत काळ लागतो. एच.आय.व्ही.ची खात्रीची तपासणी तीन महिन्यांनी करावी लागते. ‘क’ काविळीसाठी पुन्हा सहा महिन्यांनी रक्त द्यावे लागते. खरीप पेरला, खुरपला, काढला, तरी आमच्या जाऊबाई रोज सकाळी पोराचे डोळे उजेडात धरून पाहत होत्या. “शंभर रुपयांची हौस, आणि सहा महिने डोळ्याला डोळा नाही,” असे त्या म्हणत.

देवाची कृपा म्हणा, नशीब म्हणा, तिघांच्याही सगळ्या तपासण्या शेवटी चांगल्या आल्या. ज्याला विषाणू निघाला त्याला आज काही त्रास नाही. ठरल्या वेळी तो तपासणी करून येतो आणि दोन माणसांचे काम एकटा करतो. त्याला हा विषाणू कुठून आला ते सांगता येत नाही. बाळंतपणात आईकडून बाळाला येतो, न उकळलेल्या सुईतून येतो, दुसऱ्याच्या दाढीच्या पात्यातूनही येतो. त्यात त्या पोराचा काडीचा दोष नाही. एका ताटात जेवल्याने, हातात हात घेतल्याने, एका खाटेवर बसल्याने हा आजार लागत नाही, हेही इथेच सांगून टाकते. कारण गावात त्या दिवसांत त्याच्या घरचे पाणी पिणे काहींनी बंद केले होते.

दोष होता तो एका सुईचा. आणि ती सुई डोळ्यांनी पाहूनही आम्ही पाहिली नाही, याचा.

आजीचे गोंदण आणि आजचे गोंदण

गोंदण आपल्याकडे फार जुने. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, दिव्याची काजळी एखाद्या पाल्याच्या रसात कालवायची आणि गोंदणारी बाई गाणे म्हणत म्हणत हातावर तुळस, मोर, विंचू, कपाळावर चंद्रकोर उठवायची. गाणे कशाला, तर पोरीचे रडू विसरावे म्हणून. सोने-नाणे इथेच राहते, मेल्यावर सोबत येते ते फक्त गोंदण, असे आपल्या आज्या सांगत. गरिबाघरच्या लेकीला तो न चोरता येणारा दागिना होता.

मग यंत्र आले. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली नावाच्या माणसाने १८९१ साली विजेवर चालणाऱ्या गोंदण-यंत्राचा हक्क नोंदवला. आज तसेच यंत्र बॅटरीला जोडून जत्रेच्या पथारीवर घर्र-घर्र करत असते, आणि शहरातल्या काचेच्या दुकानात त्याचेच महागडे भावंड असते. काम मात्र दोघांचे एकच. सुई मिनिटाला शेकडो वेळा खालीवर होते, वरच्या कातडीतून आरपार जाऊन एक-दोन मिलिमीटर खोल, कातडीच्या आतल्या थरात शाई सोडते. वरची कातडी झडून नवी येत राहते, पण आतला थर राहतो. तिथल्या पेशी शाईचे कण गिळून धरून बसतात, म्हणून गोंदण जन्मभर टिकते.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. जिथे शाई पोचते, तिथे सुईवर असलेले सगळेच पोचते. एक नाव गोंदायला सुई हजारो वेळा टोचते. म्हणजे गोंदण ही हजारो बारीक तोंडांची एक उघडी जखमच. आपण तिला नक्षी म्हणतो, पण अंगाच्या लेखी ती जखम.

कुणी म्हणेल, “पूर्वी एकाच सुईने सगळ्या गावाला गोंदायचे, तेव्हा कुठे काय होत होते?” होत होते, बाई. पण सहा महिन्यांनी झालेल्या काविळीचा संबंध जत्रेतल्या सुईशी कोण लावणार? छत्तीसगडमधल्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी २००२ साली एकतीस रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. या सगळ्यांना कुष्ठरोगाचा चट्टा नेमका गोंदणाच्या जागी उठला होता. एकच सुई न उकळता अनेकांना वापरणाऱ्या फिरत्या गोंदणाऱ्यांकडे त्यांनी गोंदवले होते. कुष्ठरोग आज औषधाने पूर्ण बरा होतो आणि ते औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, तरी सुई काय काय वाहून नेते ते यावरून कळावे.

सुईवरून काय येऊ शकते?

पहिली ती ‘ब’ कावीळ. तिचा विषाणू मोठा चिवट. वाळलेल्या रक्ताच्या न दिसणाऱ्या थेंबातही तो अंगाबाहेर सात दिवस तग धरतो. फडक्याने पुसणे, फुंकर मारणे, पाण्यात बुडवणे, यांनी तो मरत नाही. या काविळीवर लस आहे आणि हल्लीच्या बाळांना ती सरकारी लसीकरणात मिळते. मोठ्यांनी घ्यायची तर तीन डोस घ्यावे लागतात: पहिला आज, दुसरा एका महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी.

दुसरी ‘क’ कावीळ. हिला लस नाही. वर्षानुवर्षे गप्प राहून ती यकृत पोखरते. समाधान एवढेच, की आता हिच्यावर साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांचा चांगला इलाज आहे. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्ही काविळींची तपासणी आणि औषधे सरकारी रुग्णालयातून मोफत दिली जातात.

तिसरा एच.आय.व्ही. हा काविळीच्या विषाणूइतका चिवट नाही, आणि गोंदणातून येण्याचा संभवही त्या मानाने कमी. पण ओल्या रक्ताची सुई एकाच्या हातातून काढून लगेच दुसऱ्याच्या हातात घातली, तर धोका नाही असे कोणी म्हणणार नाही.

चौथा धनुर्वात. याविषयी पुढे वेगळे सांगते, कारण शेतकऱ्याच्या घरी त्याची भीती सर्वांत जास्त. याशिवाय पू होणे, चामखीळ उठणे, शाईची पुळी येणे, गोंदलेल्या जागी कातडी जाड होऊन गाठ वाढणे हे आहेच. लाल रंगाची पुळी इतर रंगांपेक्षा जास्त जणांना येते, हेही लक्षात असू द्यावे.

गोंदणारा पारखावा कसा?

बियाण्याची पिशवी घेताना आपण काय करतो? दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी सील पाहतो, मुदत पाहतो, पावती मागतो. बैल घेताना दात पाहतो, चालवून पाहतो. मग जन्मभर अंगावर राहणारी गोष्ट घेताना नुसती भिंतीवरची चित्रे पाहून हात पुढे का करावा? चित्र सुंदर काढतो तो कलाकार खरा, पण स्वच्छ काम करतो की नाही हे चित्रावरून कळत नाही. त्यासाठी पुढच्या गोष्टी आपल्या डोळ्यांनी पाहाव्यात.

१. सुई. प्रत्येक माणसाला नवी सुई, आणि तीही बंद पाकिटातली. पाकीट आपल्यासमोर फोडले पाहिजे. त्याच्यावर मुदतीची तारीख असते, ती वाचावी. “आताच बदलली, ताई” हे तोंडी उत्तर चालणार नाही. लसीकरणाला आलेली सिस्टर तुमच्या बाळासाठी पाकीट तुमच्यासमोर फोडते की नाही? तसेच इथे.

२. शाई. इथे पुष्कळ जण फसतात. सुई नवी, पण शाई मघाच्याच वाटीतली. पहिल्या माणसाच्या रक्ताला लागलेली सुई त्या वाटीत बुडलेली असते, म्हणजे नवी सुई बुडवली की ती जुनीच झाली. शाई मोठ्या बाटलीतून एका छोट्या नव्या टोपणात, एका माणसापुरती ओतली पाहिजे. उरलेली फेकली पाहिजे, परत बाटलीत ओतता कामा नये. शाई पातळ करायला नळाचे, विहिरीचे पाणी चालत नाही, त्यातून कातडीला चिवट रोग लागतात. बाटलीवर कंपनीचे नाव, बॅच आणि मुदत नसेल तर ती शाई नको.

३. यंत्राची मूठ. सुई ज्या नळीतून जाते ती नळी आणि हाताने धरायची मूठ यांनाही रक्त लागते. ती एकदाच वापरून फेकायची तरी असावी, नाही तर ऑटोक्लेव्हमधून काढलेली. ऑटोक्लेव्ह म्हणजे दवाखान्यातला वाफेचा बंद डबा. आपल्या कुकरचाच मोठा भाऊ. त्यात दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसची वाफ ठराविक वेळ कोंडून ठेवतात, तेव्हा चिवट जंतूही मरतात. साध्या उकळत्या पाण्याची उष्णता १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणून नुसते उकळणे पुरत नाही. सुई काडीवर तापवणे, जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून ठेवणे हेही पुरत नाही. यंत्राच्या वायरीवर आणि बाटलीवर प्लॅस्टिकचे आवरण घालून ते दर माणसामागे बदलतात, ही चांगल्या कामाची खूण.

४. हात. आधी साबणाने धुतलेले, मग नवे रबरी हातमोजे. आणि तेच मोजे घालून मोबाइल उचलला, पैसे घेतले, डोके खाजवले, तर मोजे घातले काय न घातले काय. मध्ये उठला तर मोजे बदलले पाहिजेत.

५. पाते, कापूस, मलम. लव काढायला नवे पाते हवे. पुसायला एकदाच वापरायचा कागद किंवा कापूस हवा. सगळ्यांना पुसणारे एकच फडके दिसले, की तिथून उठावे. व्हॅसलीन सगळ्यांच्या डबीत बोट घालून नव्हे, स्वच्छ चमच्याने वेगळे काढून घेतलेले असावे.

६. वापरलेल्या सुया. त्या कुठे जातात ते पाहा. सुई आरपार जाणार नाही असा जाड प्लॅस्टिकचा बंद डबा असला पाहिजे. सुया पालामागच्या उकिरड्यावर पडत असतील, तर तिथे उद्या आपलीच पोरे अनवाणी खेळणार आहेत.

७. प्रश्न. चांगला गोंदणारा आधी तुम्हालाच चार प्रश्न विचारतो. मधुमेह आहे का? रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का? जुन्या जखमेची जाड गाठ उठते का? बाई असेल तर दिवस गेलेत का? यातले काही असेल तर डॉक्टरांना विचारून या, असे तो म्हणतो. गरोदरपणी गोंदवू नये. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला तो परत पाठवतो. दारू प्यायलेल्यालाही पाठवतो. जो गिऱ्हाईक परत पाठवू शकतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे सगळे विचारल्यावर जो रागावतो, “एवढी भीती वाटते तर येता कशाला” म्हणतो, त्याच्याशी वाद घालू नका. चप्पल घाला आणि निघा. ज्याचे काम स्वच्छ आहे त्याला पाकीट फोडून दाखवण्यात अभिमान वाटतो. आणि पन्नास रुपये वाचले म्हणून खूश होऊ नका. एक सुई दहा जणांना वापरली, की दर आपोआप कमी होतो.

शेतातला हात आणि ओले गोंदण

शहरातला माणूस गोंदवून येतो आणि खुर्चीवर बसतो. आपला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी शेण काढतो. फरक इथे आहे.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. गोंदण म्हणजे जखम, हे एकदा मान्य केले की ती दोन-तीन आठवडे शेणामातीपासून जपायची, हे ओघाने आले. गोठा करणे, शेणखत भरणे, भाताचा चिखल, फवारणी, युरिया हाताने फेकणे ही कामे तेवढे दिवस दुसऱ्यावर सोपवावीत. विहिरीत, कालव्यात पोहू नये. आमच्या चौघांतला चौथा पोरगा गोंदवल्यावर तिसऱ्या दिवशी फवारणीचा पंप पाठीवर घेऊन गेला. औषध हातावर गळले, घाम मुरला आणि आठवडाभरात दंड सुजून पू झाला. महादेवाचा त्रिशूळ आज ओळखू येत नाही.

म्हणून मुहूर्त शेताच्या कामाकडे पाहून धरावा. सुगी आणि पेरणी टाळावी. धनुर्वाताचे इंजेक्शन मागे कधी घेतले आहे ते आठवावे. आठवत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे आणि गोंदवण्याआधीच घ्यावे.

गोंदवून आल्यावर हात साबणाने धुऊन, जखम साध्या साबणाने आणि उकळून गार केलेल्या पाण्याने दिवसातून दोनदा हलकेच धुवावी. स्वच्छ कपड्याने टिपून कोरडी करावी, चोळू नये. सांगितलेले मलम पातळ लावावे. खपली आपोआप पडू द्यावी, नखाने काढू नये. हळद, राख, शेण, चुना, तंबाखू यांतले काहीही लावू नये. आपल्याकडे जखमेला शेण-राख लावायची जुनी चाल आहे, तिच्याइतकी वाईट चाल नाही. लाली पसरत चालली, ठणका वाढला, पू आला, ताप भरला, तर घरगुती उपायात दिवस घालवू नका, दवाखाना गाठा.

भरतीला जाणाऱ्या पोरांनो, थांबा

पहाटे रस्त्याने धावणारी पोरे आता प्रत्येक गावात दिसतात. त्यांच्यासाठी चार ओळी. लष्कराच्या भरतीत कायमचे गोंदण फक्त कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत, हाताच्या आतल्या भागावर, आणि पंजाच्या पाठीवर चालते. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. इतरांच्या दंडावर, छातीवर, मानेवर गोंदण असेल तर ते नापास होण्याचे कारण ठरते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत तर नियम आणखी बारीक. डाव्या हाताची आतली बाजू किंवा पंजाची पाठ एवढीच जागा, कारण उजवा हात सलामीचा. शिवाय आकार त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा लहान, आणि नाव किंवा धार्मिक चिन्ह असेच काही. मैदान मारलेली पोरे दंडावरच्या वाघापायी घरी आलेली मी पाहिली आहेत. आधी जाहिरात वाचा, मग सुईखाली बसा.

“काढून टाकता येतं की लेसरनं,” असे पोरे म्हणतात. येते, पण एका बैठकीत नाही. महिने-महिने खेटे घालावे लागतात, गोंदणापेक्षा कितीतरी जास्त खर्च येतो आणि डागही राहू शकतो. आणखी एक: गोंदवल्यावर एक वर्षभर रक्तदान करता येत नाही. घरात कुणाचे ऑपरेशन ठरले असेल, रक्त द्यायची वेळ येणार असेल, तर तेही मनात धरावे.

आणि सुई लागून गेली असेल तर?

हे वाचताना एखाद्या आईच्या मनात आले असेल, “आमच्या पोराने तर परवाच गोंदवून घेतले.” घाबरू नका, पण बसूनही राहू नका. एकाच सुईने गोंदले अशी शंका असेल तर लगेच सरकारी रुग्णालयात जा. एच.आय.व्ही. टाळण्याचे औषध बहात्तर तासांच्या आत सुरू करावे लागते, नंतर त्याचा उपयोग नाही. ‘ब’ काविळीची लस जितकी लवकर तितकी चांगली. दिवस उलटून गेले असतील तरी तपासणी करून घ्या. एच.आय.व्ही.ची तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते, नाव गुप्त ठेवतात. माहिती हवी असेल तर १०९७ या क्रमांकावर फोन करता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. आणि पोराला मारू-झोडू नका. मार मिळेल या भीतीने पोरे लपवतात, आणि लपवण्यातच मोलाचे दिवस जातात.

सुनेची तुळस

गेल्या वर्षी माझ्या सुनेने हट्ट धरला. तिला माझ्या हातावर आहे तशी तुळस हवी होती. मी नाही म्हणाले नाही. नाही म्हटले असते तर ती जत्रेत जाऊन बसली असती. आम्ही दोघी तालुक्याला गेलो.

पहिल्या दुकानात सुई ताटलीतून निघाली. “जंतुनाशकात बुडवलेली आहे, मावशी,” असे तो म्हणाला. आम्ही त्याला राम राम केला आणि बाहेर पडलो. दुसऱ्या दुकानात एक तरुण मुलगी काम करत होती. मी माझे सातही प्रश्न विचारले. ती हसली, पाकिटे समोर मांडली, ऑटोक्लेव्ह दाखवला, वापरलेल्या सुयांचा डबाही दाखवला. मग सुनेचा हात पाहिला आणि म्हणाली, “वहिनी, हातावर घामोळं उठलंय. आज नको. पंधरा दिवसांनी या, आणि येताना पोटभर जेवून या.” हातचे गिऱ्हाईक तिने परत पाठवले. पंधरा दिवसांनी आम्ही तिच्याचकडे गेलो. तुळस छान उठली आहे. सुनेने तीन आठवडे गोठ्यात पाऊल टाकले नाही, शेण मी काढले. सासूने सुनेचे शेण काढले म्हणून आळीत चर्चा झाली, ती होऊ दे.

यंदा जत्रेच्या आधी पंचमंडळींची बैठक झाली, तेव्हा आम्ही चार बायका मुद्दाम जाऊन बसलो. गोंदणाऱ्याला मज्जाव करा असे आम्ही म्हटले नाही. त्याचेही पोट त्या यंत्रावर आहे. एवढेच म्हटले, की दर माणशी नवी सुई आणि नवे शाईचे टोपण, नाही तर पाल ठोकायला जागा नाही. तो कबूल झाला. सुयांचे खोके घेऊन आला. दर शंभराचा दीडशे झाला. माझा पुतण्या दिवसभर त्याच्या पालापाशी उभा होता. पाकीट समोर फोडले की नाही ते पाहत होता, आणि बसायला येणाऱ्या प्रत्येक पोराला म्हणत होता, “आधी तारीख वाच.”

तुमच्याही गावात जत्रा भरत असेल. यंदा पथारीवर बसण्याआधी आपल्या पोराला एवढेच सांगा: नक्षी नंतर बघ, आधी सुई बघ.